शब्दचर्चा: वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद, आणि ‘रेशियल जस्टिस’ला काय म्हणावं?

अक्षरवेल:
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यावर मराठी वाचकांसाठी एक माहितीपत्रक तयार होतंय. विषय कसा समजून घ्यावा आणि साथ कशी द्यावी, असे त्याचे दोन भाग आहेत. मथळ्यात सध्या ‘वांशिक न्याय’ आहे, पण तो कानाला खटकतो. ‘रेसिझम’साठी तर वर्तमानपत्रांत वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद, वंशविद्वेष असे सगळेच शब्द दिसतात. ते समानार्थी धरायचे का?

मुद्रितशोधक:
नका धरू. या जोडशब्दांचं दुसरं पद बघा. द्वेष मनात असतो, भेद वागणुकीत नि कायद्यात, आणि वाद म्हणजे मत. मराठी वर्तमानपत्रं सरसकट ‘वर्णद्वेष’ लिहितात आणि तिथेच वाचकाची समजूत चुकते.

उदाहरण घ्या. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. वस्त्यांना चार श्रेण्या दिल्या. सगळ्यांत खालची ‘ड’ श्रेणी लाल रंगाची, म्हणजे इथे कर्ज देणं धोक्याचं. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास सगळ्या लाल. १९३४ साली स्थापन झालेल्या ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ या सरकारी यंत्रणेनेही अशा वस्त्यांतल्या गृहकर्जांना हमी नाकारली. यालाच ‘रेडलायनिंग’ म्हणतात. १९६८च्या कायद्याने ते बेकायदा ठरलं, पण राहतं घर हीच साध्या कुटुंबाची मुख्य पुंजी असते. आजोबांना कर्ज मिळालं नाही, म्हणून नातवाच्या वाट्याला घर आलं नाही.

आता ‘वर्णद्वेषामुळे कर्ज नाकारलं’ असं लिहिलं, तर वाचकाच्या डोळ्यांपुढे कपाळाला आठ्या घातलेला बँकेतला माणूस येतो. प्रत्यक्षात तो माणूस सौजन्याने बोलणाराही असेल. काम नकाशाने केलं. म्हणून इथे ‘भेद’च हवा.

वाक्य तपासताना एक प्रश्न विचारावा: संबंधित माणसाच्या मनातला राग गेला, तर हा अन्याय थांबेल का? थांबणार असेल तर ‘द्वेष’ लिहा. थांबणार नसेल तर ‘भेद’. आणि एक वंश जन्मतःच श्रेष्ठ असतो, असं सांगणाऱ्या विचारसरणीसाठी ‘वंशवाद’ राखून ठेवा. ‘सिस्टेमिक’साठी ‘संरचनात्मक’ हा शब्द चालतो, पण ‘व्यवस्थेत मुरलेला भेद’ म्हटलं की आठवीतल्या मुलालाही कळतं.

दक्षिणवारा:
दक्षिण आफ्रिकेपुरता ‘वर्णभेद’ मराठीत रुळला आहे, तो बदलू नये. ‘अपार्थाइड’ हा आफ्रिकान्स भाषेतला शब्द, अर्थ ‘वेगळेपण’. १९४८पासून ते सरकारचं घोषित धोरण होतं. म्हणजे तिथेही ‘वर्णद्वेषी राजवट’पेक्षा ‘वर्णभेदी राजवट’ नेमकं.

भाषांतरात दोन चुका वारंवार होतात. पहिली ‘कलर्ड’ची. अमेरिकेत हा कृष्णवर्णीयांसाठीचा जुना, आता अपमानकारक शब्द. दक्षिण आफ्रिकेत मात्र १९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने ‘कलर्ड’ हा गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्याहून वेगळा, मिश्र वारशाच्या लोकांचा गट केला. भारतीयांचा चौथा गट पुढे झाला. तिथल्या ‘कलर्ड’चं भाषांतर ‘कृष्णवर्णीय’ केलं की अर्थच उलटतो. शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या वेळी एका वाक्यात समजावून द्यावा. दुसरी चूक ‘काफिर’ची. मराठीत तो शब्द धर्माशी जोडलेला, पण दक्षिण आफ्रिकेत ती कृष्णवर्णीयांना दिलेली अत्यंत विखारी शिवी आहे. जुन्या पत्रांत आला तर अवतरणात ठेवून खुलासा करावा. स्वतःच्या वाक्यात तो कधीच येऊ नये.

२१ मार्चच्या दिवसाचाही उल्लेख पत्रकात यावा. १९६० साली त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये पास कायद्यांविरुद्ध (कृष्णवर्णीयांना सतत ओळखपत्र जवळ बाळगायला लावणाऱ्या कायद्यांविरुद्ध) जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसं मेली. संयुक्त राष्ट्रं हाच दिवस वंशभेद निर्मूलनासाठी पाळतात.

कलम पंधरा:
पहिल्या पदाचाही घोळ आहे. ‘वर्ण’ म्हटलं की मराठी माणसाला चातुर्वर्ण्य आठवतं. फुले-आंबेडकरांच्या वाचकाला तर हमखास. ‘वंश’ म्हणजे आपल्याकडे मुळात घराण्याची परंपरा: वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. ‘भारतीय वंशाच्या कमला हॅरिस’ या बातमीतल्या ‘वंश’चा अर्थ ‘रेस’ नाहीच, तिथे मूळ कुठलं एवढंच सांगायचं असतं.

राज्यघटनेच्या मराठी पाठात, कशावरून भेदभाव करू नये हे सांगणाऱ्या अनुच्छेद १५ मध्ये ‘धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान’ असा क्रम आहे, आणि अनुच्छेद १६ मध्ये त्यांत ‘कूळ’ची भर पडते. म्हणजे ‘रेस’ला वंश आणि ‘डिसेंट’ला कूळ. हिंदी पाठाने पहिल्यासाठी ‘मूलवंश’ घेतला, तो जास्त नेमका वाटतो, पण मराठीत कोणी वापरत नाही. कायद्याचा आधार हवा असेल तर वंश हाच शब्द घ्यावा.

‘वांशिक’ खटकतो कारण तो ‘एथ्निक’साठीही वापरला जातो. बोस्निया, श्रीलंका, मणिपूर यांच्या बातम्यांत तो ‘वांशिक हिंसाचार’ म्हणून येतो. त्यामुळे ‘वांशिक न्याय’ म्हणजे वंश बघून दिलेला न्याय, असं वाचलं जाण्याची भीती खरी आहे.

जातीचं उदाहरण देणार असाल तर जपून. जात म्हणजे वंश, हे आंबेडकरांनी स्पष्ट नाकारलं होतं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार यांचा वंश वेगळा नाही, असं त्यांनी १९३६मध्ये मांडलं. तरीही १९४६ साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत: वंश एक नाही, पण जन्मावरून माणसाला खाली दाबण्याची रीत सारखी आहे. अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी सिअ‍ॅटलचंही नाव घ्या. त्या शहराने २०२३ साली भेदभावबंदीच्या कायद्यात जातीचा समावेश केला.

अक्षरवेल:
म्हणजे मथळ्यात ‘वंशभेद’ घेते. ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’चं काय? आणि ‘अ‍ॅलाय’चं, म्हणजे दुसऱ्यांच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभं राहणाऱ्याचं?

मुद्रितशोधक:
घोषणा आहे तशी देवनागरीत लिहा आणि अर्थ खाली द्या. अर्थ देताना ‘ही’ आणि ‘च’ सांभाळा. ‘कृष्णवर्णीयांचेच जीव मोलाचे’ हा विपर्यास झाला, घोषणेत ‘फक्त’ कुठेच नाही. ‘कृष्णवर्णीयांचे जीवही मोलाचे’ हे आशयाला धरून आहे, कारण २०१३ साली घोषणा निघाली तीच मुळी हे जीव हिशेबात धरले जात नाहीत म्हणून. पण ‘ही’मुळे ती विनवणीसारखी वाटते. मूळ वाक्य ताठ मानेचं आहे. माझी पसंती: ‘कृष्णवर्णीयांच्या जिवाला मोल आहे’.

‘निग्रो’ फक्त जुन्या संस्थांच्या नावांत आणि अवतरणांत. ‘अश्वेत’ हिंदीतून येतो आणि माणसाची ओळख गोरा नसण्यावरून करून देतो, तो टाळावा. अमेरिकी वृत्तसंस्था २०२०पासून ‘ब्लॅक’चं पहिलं अक्षर मोठं लिहितात. मराठीत ती सोय नाही. म्हणून ‘काळे लोक’ न लिहिता ‘कृष्णवर्णीय नागरिक’, ‘कृष्णवर्णीय समाज’ असं पुढे नाम जोडून लिहावं.

दक्षिणवारा:
‘अ‍ॅलाय’ला ‘कैवारी’ अजिबात नको. कैवार घेणारा वर उभा असतो. ‘उद्धार’ही तसाच, ‘अस्पृश्योद्धार’ या शब्दावरचे आक्षेप आपल्याला माहीत आहेत. ‘साथी’ बरा. साथ या शब्दाची मराठीतली परंपराही मोठी आहे: जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकनांना, आणि १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून.

साथीच्या भागात ‘बेल फंड’ येणार असेल तर नुसतं ‘जामीन निधी’ लिहून भागणार नाही. आपल्याकडे जामीन राहतो तो माणूस. तिकडे अनेक राज्यांत रोख रक्कम भरावी लागते, नाहीतर गुन्हा शाबित होण्याआधीच गरीब माणूस कोठडीत अडकतो. आरोपी तारखांना हजर राहिला की रक्कम साधारणपणे परत मिळते आणि निधी तीच पुढच्या माणसासाठी भरतो. म्हणून ‘फिरता जामीन निधी’ लिहा, आणि देणाऱ्याच्या पैशाला ‘दान’ न म्हणता ‘वर्गणी’ म्हणा.

अक्षरवेल:
मथळा असा केला आहे: ‘वंशभेदाविरुद्ध न्यायासाठी: समजून घेण्याच्या आणि साथ देण्याच्या वाटा’. आत ‘वर्णद्वेष’ अकरा ठिकाणी होता. मुद्रितशोधकांचा प्रश्न लावून पाहिला, तेव्हा दोनच ठिकाणी टिकला. दोन्ही ठिकाणी हल्ल्यांचा उल्लेख आहे.