अनगोळचा सर्व्हर पुन्हा पडूलालाय, कुणाला काय सुचतंय का?

प्रेषक: अनगोळकर, दुबई

नमस्कार मंडळी,

मागच्या महिन्यात सगळ्यांनी कौतुक केलंत, आभारी आहे, पण कौतुक जरा लवकरच झालं. नवीन लोकांसाठी सांगतो, बाबांच्या कपाटात व्हीएचएस कॅसेटी होत्या, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीच्या, गल्लीतल्या गणपतीच्या, आत्याच्या लग्नाच्या, सगळ्या बुरशीला आलेल्या (बेळगावचा पाऊस आणि लाकडी कपाट, दुसरं काय होणार). गेल्या सुट्टीत आठवडाभर बसून त्या फाईलींत उतरवल्या, रास्पबेरी पाय ४ ला (छोटासा कॉम्प्युटर) यूएसबी हार्डडिस्क लावली, वर जेलीफिन (आपल्याच फाईली टीव्ही-लॅपटॉपवर दाखवणारा प्रोग्राम) टाकलं आणि टीव्हीखालच्या खणात ठेवून आलो. बाहेरून बघायला टेलस्केल, म्हणजे इकडून घरच्या मशीनला जोडून देणारं ॲप.

आता प्रॉब्लेम असा की इकडून मिरवणूक लावली की दहा-बारा मिनिटं झकास चालते, मग गोल गोल फिरायला लागतं आणि कनेक्शन तुटतं. दोन-तीन मिनिटांनी आपोआप परत येतं. आई घरात टीव्हीवर तेच बघते तिला काही होत नाही म्हणे. म्हणजे नेटच ना? प्लॅन वाढवून १०० एमबीपीएसचा घेतला, राउटर नवा आणवला, बाबांना भर उन्हात खडेबाजारात पाठवलं त्यासाठी, तरी जैसे थे.

---

प्रेषक: खानापूरकर काका, मस्कत

अरे हे तर मी डोळे मिटून सांगतो. सीजी-नॅट! हल्ली कंपनीवाले घराघराला स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देत नाहीत, पन्नास घरं एकाच आयपीमागे कोंबतात, वाड्यात एकच नळ असायचा तसं. तुझा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला आहे का बघ, असला तर शंभर टक्के तेच. फोन कर, स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) माग, महिन्याला थोडे पैसे जातील पण डोक्याला ताप नाही. आणि ते नव्वदच्या दशकातले चित्ररथ कुठल्या फोल्डरमधे आहेत रे? एका गाडीवर मी मावळा आहे.

---

प्रेषक: अनगोळकर, दुबई

काका, सापडलं! १००.१०१ ने सुरू होतोय. उद्याच बाबांना फोन करायला सांगतो कंपनीला.

---

प्रेषक: शहापूरच्या अक्का, शारजा

थांब रे बाबा, बाबांना परत उन्हात धाडू नको.

तू तो आयपी बघितलास कुठे? टेलस्केलच्या ॲपमधे ना? मग तो टेलस्केलनेच दिलेला पत्ता आहे. टेलस्केल पण तीच १००.६४ वाली रेंज वापरतं, सीजी-नॅटवाले पण तीच. त्या आकड्यावरून काहीच कळत नाही, राउटरच्या पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) काय दिसतो ते बघायचं असतं. आणि समजा असलं सीजी-नॅट, तरी टेलस्केल त्यातून वाट काढतंच, नाहीच जमलं तर मधल्या रिलेवरून जातं, मग स्लो होतं, पण तुटून दोन-तीन मिनिटं गायब होत नाही. नॅट कनेक्शन विसरतं ते गप्प बसलेलं असतं तेव्हा. तुझा व्हिडिओ तर सारखा वाहतोय, त्याला कशाला विसरेल? काका, तुमचा मान राखून सांगते हं.

मला ते दोन-तीन मिनिटांचं खटकूलालंय. मशीन बंद होऊन परत चालू व्हायला आणि वर जेलीफिन उठायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तू एक कर. आईला फोनवर घे, ती टीव्हीवर लावेल, तू तिकडून लाव, दोघं एकदमच बघत बसा. तुझं पडलं की लगेच विचार, तिचं काय झालं. आणि परत आलं की आत शिरून अपटाइम कमांड मार (मशीन किती वेळ चालू आहे ते कळतं), मग व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड मार (वीज कमी पडली का ते कळतं) आणि काय आकडा येतो तो इथे टाक.

---

प्रेषक: अनगोळकर, दुबई

अक्का, शनिवारी केलं. आईने आत्याची हळद लावली, मी मिरवणूक लावली, फोन स्पीकरवर. आई मला सगळं वर्णन करून सांगतेय, ही बघ मधली वहिनी, हिच्या हातात पाटल्या होत्या तेव्हा, आणि अकराव्या मिनिटाला माझं फिरायला लागलं, तेवढ्यात पलीकडून आई, "अगं बाई, आत्याचा हात गालावर तसाच राहिला की रे." म्हणजे तिचं पण थांबलं! एरवी पण थांबायचंच म्हणे, पण तिला वाटायचं कॅसेटच खराब आहे, मग ती उठून चहा ठेवायची आणि येईपर्यंत चालू झालेलं असायचं. हे मला आजवर सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं होतं "टीव्ही नीट चालतोय ना?" आणि टीव्ही नीटच चालत होता.

अपटाइम ३ मिनिटं. त्या आधी मी स्वतः रीस्टार्ट करून बारा दिवस झाले होते. दुसऱ्या कमांडचा आकडा झिरो-एक्स-५००००.

---

प्रेषक: शहापूरच्या अक्का, शारजा

बघ. नेट बिचारं उगाच शिव्या खात होतं.

५०००० म्हणजे मशीन चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज खाली गेलं आणि त्यापायी स्पीड दाबला गेला. शेवटी ५ असता, ५०००५, तर आत्ता या क्षणीही कमी आहे असा अर्थ. रीस्टार्ट झालं की हा आकडा पुसला जातो, म्हणजे तुझं मशीन उठून तीन मिनिटं नाही झाली तेवढ्यात एकदा लंगडलं सुद्धा, हार्डडिस्क फिरायला लागते तेव्हा झटका बसतो तोच असणार. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा अडॅप्टर लागतो आणि साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की ते ओरडतं.

आता तू लावल्यावरच का पडतं ते ऐक. कॅसेटी उतरवल्यास त्या एमपेग-२ मधे (जुना व्हिडिओ फॉरमॅट) ना? टीव्हीला ते सरळ कळतं, पाय नुसती फाईल वाचून पुढे ढकलतो, काही कष्ट नाहीत. तुझ्या लॅपटॉपच्या ब्राउझरला एमपेग-२ कळत नाही, मग जेलीफिन तिथल्या तिथे बदलून द्यायला लागतं, वर व्हीएचएसचं चित्र इंटरलेस्ड, एक आड एक ओळींचं, ते पण सपाट करायचं. पाय ४ ला एमपेग-२ चं हार्डवेअर नाही, सगळा भार प्रोसेसरवर. चारी कोअर तापले, करंट जास्त ओढला, त्यात डिस्क पण त्याच वायरीवर जगतेय, व्होल्टेज बसलं, मशीन पण बसलं.

चार्जर कुठला लावलायस?

---

प्रेषक: अनगोळकर, दुबई

ओरिजिनलच लावला होता हो अक्का, पांढरा, ३ ॲम्पिअरवाला, पायबरोबरच घेतलेला. तरी खात्रीसाठी बाबांना व्हिडिओ कॉल केला, म्हटलं खणात कॅमेरा धरा. तर तिथे एक काळा चार्जर, त्याच्या मानेला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला, वर २ ॲम्पिअर लिहिलेलं अर्धवट दिसतंय. म्हटलं बाबा पांढरा कुठाय? बाबा म्हणे, "तो ना, माझ्या नव्या फोनला मस्त बसतो की रे, जुन्यापेक्षा लवकर चार्ज होतो, म्हणून मी त्याला माझा जुना दिला. पिन तर सारखीच आहे." हॉलमधे, देवघराच्या बाजूच्या प्लगला, सुखाने लोंबकळत होता पांढरा.

काय बोलणार. नवा राउटर घेतला, प्लॅन वाढवला, आणि ते घेऊन येणाराच चार्जर घेऊन फिरत होता.

बाबांना फोनसाठी वेगळा चार्जर घेऊन दिला (पांढऱ्यावर आईने बिंदी चिकटवलीय, हा कुणी हलवायचा नाही अशी खूण). डिस्कला स्वतःच्या अडॅप्टरचा यूएसबी हब लावला. आणि अक्का म्हणाल्या ते ऐकून इकडे लॅपटॉपवर रात्र-रात्र लावून सगळ्या फाईली एकदाच डीइंटरलेस करून (त्या ओळी सपाट करून) एच.२६४ मधे, म्हणजे ब्राउझरला कळणाऱ्या फॉरमॅटमधे, बदलतोय, म्हणजे पायला आयत्या वेळी काही शिजवायलाच नको. मूळ फाईली तशाच ठेवल्यात, त्या टाकवत नाहीत. बदललेली फाईल लावली की पायचा प्रोसेसर जवळजवळ झोपलेलाच दिसतो.

आज अपटाइम १९ दिवस, आकडा झिरो-एक्स-झिरो, म्हणजे काही तक्रार नाही. मधे दोनदा तुटलं, पण ते पहाटे, नळाला पाणी आल्यावर बाबा मोटर लावतात तेव्हा लाईट डिम होते आणि फायबरचा डबा रीस्टार्ट होतो. त्याला छोटा यूपीएस सांगितलाय. अक्का, हे मात्र नेटच म्हणायचं ना?

---

प्रेषक: शहापूरच्या अक्का, शारजा

नाही रे, ही पण लाईटच. पण राहू दे, यूपीएस बसव.

---

प्रेषक: खानापूरकर काका, मस्कत

मी तिकडे स्टॅटिक आयपीचं फॉर्म पण भरून घेतलं होतं माझ्या घरच्यासाठी, आता रद्द करतो. माझा पण डबा मोटरच्याच बोर्डवर आहे, आठवलं मला काल.

आणि मावळा सापडला! चौथी फाईल, २३ व्या मिनिटाला, गॅसबत्ती घेतलेल्या पोराच्या मागे, मिशी निघून आलीय ती एका हाताने धरून उभा आहे तो मी. हिला दाखवलं तर ओळखलंच नाही.