मदत हवी आहे : नवजात बालकांच्या काळजीसाठी तंत्रनिकेतन आणि परिचर्या महाविद्यालयाचा सामायिक डिझाइन-विषय

नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात मी शिकवतो. पुढच्या सत्रापासून जवळच्या परिचर्या महाविद्यालयाबरोबर एक प्रकल्प-विषय सुरू करण्याचे घाटत असून, रुग्णालयातील नवजात बालकांची काळजी सुधारेल असे काही दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून घडवावे, अशी कल्पना आहे. (घरोघरच्या नवजात काळजीचे काम गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने करून दाखवलेच आहे, माझा प्रश्न रुग्णालयापुरता आहे.)

अडचण अशी की, आमच्या मुलांना दुखणे कळण्याआधीच यंत्र सुचते आणि पहिल्याच बैठकीत ‘स्वस्त इन्क्युबेटर’ ठरून जातो. उदाहरणार्थ, वॉर्मरवरील (बाळाला वरून ऊब देणाऱ्या यंत्रावरील) बाळाच्या पोटाला पट्टीने लावलेला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, सुटला, की बाळ थंड पडले असे समजून यंत्र उष्णता वाढवत जाते. आता ती पट्टी घामाने सुटते, बाळाच्या हालचालीने सुटते की हाताशी असलेली भलतीच टेप लावल्याने, हे सिस्टरांना नेमके ठाऊक असते. पण त्यांना विचारतो कोण? तीच गत कांगारू पद्धतीची. कमी वजनाचे बाळ दिवसाकाठी 8 ते 24 तास छातीशी धरावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि सिझेरियन झालेल्या बाईच्या वाट्याला सरळ पाठीची प्लास्टिकची खुर्ची येते. माझ्या मते इन्क्युबेटरआधी ही खुर्ची सुधारायला हवी, पण प्रकल्प-स्पर्धेत खुर्चीला बक्षीस मिळत नाही.

काविळीच्या बाळांसाठी तयार झालेल्या ‘फायरफ्लाय’ या प्रकाशोपचार यंत्राचा पाळणा मुद्दाम एकाच बाळापुरता ठेवला आहे, कारण गर्दीच्या वेळी एका दिव्याखाली दोन-तीन बाळे निजवली जातात आणि संसर्ग पसरतो. मुलांची नजर अशी तयार व्हावी, एवढेच मला हवे आहे.

असा विषय कोणी चालवला असल्यास कृपया सांगावे : आमच्याकडे तंत्रशिक्षण मंडळाचे आणि त्यांच्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे वेळापत्रक असताना तासिका व गुणदान कसे जुळवले? संसर्गाच्या भीतीने कक्षात गर्दी चालत नाही. तेव्हा एखाद्या रिकाम्या खोलीत बाहुली आणि बाद झालेला वॉर्मर ठेवून सराव-कक्ष उभारला, तर निरीक्षणाची उणीव कितपत भरून निघते? शिवाय मातांशी बोलण्यासाठी नैतिकता समितीची परवानगी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही लागते का, आणि अर्ज कोणत्या महाविद्यालयाने करावा? डिझाइनचा शिक्षक आमच्याकडे नाही. सत्रात चार-दोन ऑनलाइन तास मराठीतून घेऊ शकेल असे कोणी असल्यास तेही कळवावे. मानधन बेताचेच असेल.