क्लिअरन्सच्या फॉर्मवर गांजा लपवायचा?
वर कोणीतरी म्हटलंय की भाचीने कॉलेजात गांजा ओढला होता, काउन्सेलिंगही घेतलं, तर अमेरिकेतल्या क्लिअरन्सच्या (सरकारची गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीच्या) फॉर्मवर दोन्ही गाळून टाकावं. अजिबात नको हां!! त्या फॉर्ममध्ये, म्हणजे एसएफ-८६ मध्ये, ड्रग्जचं गेल्या ७ वर्षांचं विचारतात, आणि राज्यात कायदेशीर असलं तरी फेडरल म्हणजे केंद्राचा कायदाच धरतात. पण कॉलेजातले चार झुरके कधीच सोडले असतील तर सहसा तेवढ्यावरून अडत नाही, २०२१ मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालकांनीच लेखी कळवलंय की नुसत्या जुन्या गांजावरून निकाल लावू नका. अजून ओढत असेल तर मात्र विषय संपला. आणि लपवलं, मग तपासनीस जुन्या रूममेटला भेटून आला की खोटं बोलल्याचं वेगळंच लचांड, तो फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. काउन्सेलिंगचं तर उगाच घाबरवून ठेवलंय लोकांना. फॉर्मच्या मानसिक आरोग्यावरच्या कलम २१ मध्ये कोर्टाचा आदेश, हॉस्पिटलात भरती, स्किझोफ्रेनिया-बायपोलरसारखे ठरावीक आजार, निर्णयशक्तीवर खरोखर परिणाम करणारा त्रास असं विचारतात, ब्रेकअपनंतर थेरपिस्टकडे गेली होती एवढं त्यात बसत नाही. उलट डॉक्टरने दिलेल्या गोळ्या मनाने बंद केल्या तर ते जास्त नडतं. बाकी आपल्या पोरांनी इकडचे काका-मामा नि आईबाबांनी नावावर केलेला पुण्याचा फ्लॅट नीट लिहावा, त्याचीही चौकशी होते.