पहिलाच क्यूबन सिगार
माँटेक्रिस्टो या क्यूबन ब्रँडच्या पहिल्याच सिगारने डोके गरगरले, मग एवढे पैसे कशाला मोजायचे, हा आपला प्रश्न रास्त आहे. मात्र सिगरेटच्या सवयीने आपण धूर छातीत ओढला असावा. सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनही रक्तात उतरते, म्हणून तो गालांत घोळवून सोडायचा आणि दोन झुरक्यांमध्ये मिनिटभर थांबायचे (अर्थात त्याने तो निर्धोक ठरत नाही). मीही नवशिकाच आहे, पण घाई टाळल्यावर सुरुवातीला देवदाराचा आणि मागाहून किंचित कोकोचा स्वाद जाणवला, करडी राख बोटाच्या पेराएवढी होऊनही गळली नाही, आणि शेवटचा तुकडा मात्र इतका कडवट लागला की तो तसाच विझू दिला. रिकाम्या पोटी ओढणे तर टाळाच.