नुसत्या नोटरीवर दत्तक होत नाही की हो
ताई, दिराचा मुलगा बाँडवर नोटरी करून घेतला आणि आता दीर परत मागतोय म्हणताय, तर आधी आठवा, आईबापानं मुलगा तुमच्या ओटीत प्रत्यक्ष घातला होता काय, कारण १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात देणं-घेणं हेच मुख्य, कागद नंतर. ते झालं असेल, आईबाप दोघांची संमती असेल, मूल १५ वर्षांच्या आतलं असेल आणि कायद्याच्या बाकी अटी पाळल्या असतील तर कलम १५ प्रमाणं दत्तक मोडता येत नाही, दीर कितीही ओरडू दे. आमच्या बेळगावकडच्या खानापुरात आत्यानं सबरजिस्ट्रारकडं दत्तकपत्र रजिस्टर केलेलं, दोन्हीकडच्या सह्या, म्हणून कोर्ट ते खरं धरूनच चालतं, खोटं म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. कागद कन्नडात असला तर वाचून घेऊनच सही करा. देण्याघेण्याचा पुरावा म्हणून बारशाचे, दत्तकाच्या कार्यक्रमाचे फोटो आहेत काय?