मदत हवी आहे: गृहपाठ व्हॉट्सॲपवर जातो आणि त्या निमित्ताने मुलं रात्री बारापर्यंत मोबाईलवर. वर्गशिक्षिका म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण वेळ काढून वाचा प्लीज. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे, गणित-विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं, शाळा सकाळी ७.१० ची. (चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४ मध्ये काढलं, आमची आठवी त्यात बसत नाही.) पहिल्या तासाला निम्मा वर्ग डोळे चोळत असतो, दोघं-तिघं तर बाकावर डोकं टेकून झोपतात. सकाळची शाळा आहे, चालायचंच, असं मी बरेच दिवस धरून चालले. दिवाळीनंतर हे फारच वाढलं तेव्हा न रागावता एक काम दिलं, संध्याकाळी ५ पासून झोपेपर्यंत काय केलं ते वेळेसकट वहीत लिहून आणा, मार्क नाहीत, घरी दाखवणार नाही, खरं लिहा.

एका मुलाचं पान जसंच्या तसं देते. "७.०० खेळून आलो. ८.४० पप्पा आले. ८.५० गृहपाठ बघितला. ९.३० जेवण. ९.५० गृहपाठ बघितला. १०.४० गृहपाठ बघितला. ११.३० गृहपाठ बघितला." त्याखाली काहीतरी लिहून खोडलेलं. त्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं काय होतं, तर चार गणितं, फक्त चार. तेवढ्यासाठी चार वेळा मोबाईल लागत नाही हे त्यालाही माहीत आहे, पण आईने हटकलं की "बाईंनी काय पाठवलंय ते बघतोय" म्हणायची सोय त्याला मीच करून दिलीय. हे वाचल्यापासून मला चैन नाही.

बाकीच्या वह्या बघताना अजून एक गोष्ट कळली. बहुतेक घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांचा. वडील टेम्पोवर, दुकानात नाहीतर एमआयडीसीत, घरी येतात साडेआठच्या पुढे. म्हणजे दुपारी १२.३० ला शाळा सुटली तरी गृहपाठ काय आहे हेच मुलाला रात्री कळतं, तोपर्यंत अख्खी दुपार मोकळी. मग नऊला अभ्यास सुरू, अभ्यासाच्या मागून रील्स, फ्री फायर, मित्रांचे मेसेज, झोपायला बारा आणि उठायचं सहाला. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ८ ते १० तास झोप लागते आणि इथे सहा तास पण होत नाहीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ग्रुप सुरू झाले तेव्हा ही मुलं तिसरीत होती, शाळा उघडल्या पण ग्रुप तसेच राहिले, कुणी विचारच केला नाही की आता ते कशाला हवेत.

पालकांना दोष देणं सोपं आहे, आमच्या स्टाफरूममध्ये रोज तेच चालतं. असर या शिक्षणाच्या देशभरातल्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ज्या मुलांना स्मार्टफोन वापरता येतो त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. अभ्यासाच्या नावाने हातात दिलेला फोन अभ्यासापाशी थांबत नाही, हे आपल्याला एवढ्या वर्षात कळायला हवं होतं.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं तुम्ही वाचलं असेल. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजायला लागला आणि साडेआठपर्यंत घरोघर टीव्ही-मोबाईल बंद. अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे लोक, रिटायर्ड शिक्षक सुरुवातीला दारोदार फिरले म्हणून ते जमलं. मला फार भारी वाटतं ते, पण आमच्याकडे ७ ते ८.३० फोन घरात नसतोच, तो येतो त्यानंतर, आणि पाठोपाठ आमचा गृहपाठ. त्यामुळे भोंग्याच्या आधी शाळेने आपला मेसेज थांबवायला पाहिजे असं माझं ठाम मत झालंय.

अडतंय कुठे ते सांगते. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांनाच ग्रुप हवाय, दुसऱ्या शाळेत रोज फोटो जातात, आपण बंद केलं तर शाळेत काही होत नाही असा बोभाटा होईल. सहकारी म्हणतात, ३५ मिनिटांच्या तासात फळ्यावर गृहपाठ लिहायला वेळ कुठून आणायचा. दोन्ही म्हणणी अगदी चुकीची आहेत असं नाही.

आणि एक मुलगी आहे, तिची काळजी वेगळी. मुलांनी आपापला एक ग्रुप काढलाय, त्यात कुणीतरी तिच्या स्नेहसंमेलनातल्या फोटोचं स्टिकर बनवलं. तिने वहीत एवढंच लिहिलं होतं, "११ ते १२.३० ग्रुप बघत होते, अजून काय टाकतात म्हणून." तिला मोबाईलची हौस नाही, ती घाबरून जागी राहते. आईच्या फोनवरून बघते आणि वाचून झालं की डिलीट करते. घरी सांगू नका म्हणालीय. मी तिला शब्द दिलाय पण तो पाळू की नको या विचाराने माझीच झोप उडालीय.

तर ज्यांनी शाळेत हे बदललंय त्यांनी सांगा, मुख्याध्यापकांना कसं पटवलंत? ग्रुप बंदच केला की वेळ ठरवली? आणि या मुलीच्या बाबतीत मी आधी कुणाकडे जाऊ?

प्रतिसाद:
बाई, मी पण शिक्षक, मराठवाड्यात. ग्रुप बंद करायच्या भानगडीत पडू नका, सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं करा आणि गृहपाठ तिथून काढून टाका, सुट्टी, फी, सभा एवढंच ठेवा. पालकांना फोटो हवेत तर शनिवारी एकदम टाका. गृहपाठासाठी आम्ही प्रत्येक तासातली मिनिटं तोडली नाहीत, शेवटच्या तासाची शेवटची ७-८ मिनिटं ठेवली. वर्गाच्या मागच्या फळ्यावर ज्या त्या विषयाचा गृहपाठ मॉनिटर दिवसभर लिहीत जातो, शेवटी सगळी मुलं वहीत उतरवतात. पहिले पंधरा दिवस बोंबाबोंब झाली, नंतर पालकच म्हणाले बरं झालं.
मुलीचं मात्र थांबवू नका. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असेलच, २०२२ च्या जीआरने करायला लावलीय, कागदावर असली तरी त्यातल्या महिला सदस्याला गाठा. पण मुलीला आधी सांगा की मी कुणाला आणि काय सांगणार आहे, तिच्या पाठीमागे करू नका. गरज वाटली तर मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८ आहे, मन फार खचलंय असं दिसलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६, मराठीत बोलतात.

प्रतिसाद:
पालक म्हणून लिहिते, मिस्टर रिक्षा चालवतात, आमचा फोन पण साडेनऊला घरात येतो. लेक गजर लावायचाय म्हणून उशाशी घेऊन झोपायची. साधं गजराचं घड्याळ आणलं आणि चार्जर स्वयंपाकघरात ओट्याच्या वर नेला, सगळ्यांचे फोन तिथेच, आमचे पण. आमचे तिथे गेले म्हणून तिने ऐकलं, नाहीतर ऐकली नसती. आणि बाई, तुमच्या त्या वहीतलं पान नाव झाकून पालक सभेत वाचून दाखवा, आम्हाला घरात बसून हे दिसत नाही हो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. मागच्या फळ्याचं मला सुचलंच नव्हतं, आमचा मागचा फळा सुविचार आणि वाढदिवसांनी भरलेला असतो. सोमवारी फक्त माझ्या वर्गापुरतं महिनाभर करून बघायची परवानगी मागते, सगळ्या शाळेचं आत्ता बोलतच नाही. पान वाचायच्या आधी त्या मुलाला विचारीन, कारण घरी दाखवणार नाही म्हटलं होतं.
मुलीशी आज मधल्या सुट्टीत बोलले. समितीतल्या बाईंना सांगितलं तर चालेल म्हणाली, पण स्टिकर बनवणाऱ्या मुलाचं नाव वर्गात घेऊ नका एवढी अट आहे. तो मुलगाही माझ्याच वर्गातला, वाईट नाही. वर्गासमोर उभं न करता त्याच्याशी कसं बोलावं, हे कुणी केलं असेल तर जरूर लिहा, बुधवारी त्याला भेटणार आहे.