मदत हवी आहे: पक्ष्यांची तिकिटं देशानुसार लावू की कुळांनुसार?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं फक्त पक्ष्यांची टपाल तिकिटं जमवतोय. सगळी पाकिटांत पडून होती. आता स्टॉकबुकात लावायला घेतली आणि पहिल्याच पानावर अडलो.

देशानुसार लावली तर संच अखंड राहतात, कॅटलॉगही देशवार असल्याने शोधायला सोपं. पण मग अल्बम पक्ष्यांचा राहत नाही, देशांचा होतो. कुळांनुसार लावली (सगळे खंड्या एकत्र, सगळी घुबडं एकत्र) तर बघायला मजा येते, पण एका संचातली चार तिकिटं चार पानांवर विखुरतात. आणि अमेरिकेच्या १९८२ च्या राज्यपक्ष्यांच्या ५० तिकिटांच्या तावाचं काय करायचं? तो फाडायला हात धजावत नाही. त्यात कार्डिनल तर सात वेळा येतो, कारण सात राज्यांनी तोच निवडलाय!

दुसरा घोळ चिन्हांचा. स्वित्झर्लंडमधल्या बासल शहराच्या १८४५ च्या तिकिटावर चोचीत पत्र धरलेलं कबुतर आहे, ते पक्षी म्हणून धरायचं की टपालाचं चिन्ह म्हणून? (खरं तिकीट माझ्याकडे कुठलं, चित्रच चिकटवणार आहे.) पश्चिम ऑस्ट्रेलियाचा १८५४ चा काळा हंसही वसाहतीचं चिन्हच, पण तो तिथला खरा पक्षी, म्हणून मी घेतो. राजमुद्रांवरचे गरुड मात्र वगळतो, नाहीतर अर्धा अल्बम त्यांनीच भरेल. तुम्ही रेघ कुठे मारता?

आणखी एक. बऱ्याच तिकिटांवर कोपऱ्यात सुबक पाव वर्तुळाचा शिक्का आहे, पण मागे डिंक जसाच्या तसा. म्हणजे पत्रावर न लागता, संग्राहकांसाठीच शिक्का मारून विकलेली. ठेवावीत का?

प्रतिसाद:

कुळांनुसारच लावा. संच मोडवत नसेल तर त्यातला मुख्य पक्षी ज्या कुळाचा, तिथे अख्खा संच ठेवा आणि बाकीच्या पानांवर 'अमुक पान पाहा' अशी चिठ्ठी लावा. ताव शेवटी, वेगळे. नामशेष पक्ष्यांना मात्र कुळं सोडून स्वतंत्र पान द्या. डोडो तर हवाच, पण न्यूझीलंडच्या १८९८ च्या तीन पेनीच्या तिकिटावरची हुइआ या तिथल्या पक्ष्याची जोडीही. तिकीट निघालं तेव्हा हा पक्षी हयात होता. १९०७ नंतर तो दिसल्याची खात्रीची नोंद नाही.

तुमच्या गरुडांच्या नियमाला माझं अनुमोदन. शिक्केवाली तिकिटं चित्रासाठी ठेवा, किमतीची आशा नको. कुठल्या देशाच्या नावाने बनावट छापलेली वाटत असतील तर २००२ पासूनची तिकिटं जागतिक टपाल संघाच्या डब्ल्यूएनएस यादीत शोधता येतात. मात्र सगळे देश त्यात नाहीत, त्यामुळे तिथे नाही म्हणून लगेच बनावट ठरवू नका. आणि स्टिकरसारखी नवी तिकिटं पाण्यात भिजवायला घेऊ नका. काहींचा डिंक पाण्याने सुटतच नाही. ती पाकिटावरूनच, कडेला थोडा कागद ठेवून कापा.

तुमची किती तिकिटं वापरलेली आणि किती कोरी? दोन्ही एकाच पानावर लावणार असाल तर त्याचंही आधी ठरवा.